गेटवरची गर्दी मतपेटीत का उतरत नाही? कामगार पुढारी ते आमदार हा रस्ता

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत एखाद्या पुढाऱ्याने हाक दिली की पहिली पाळी सुटल्यावर पाचसहाशे कामगार गेटवर थांबतात, उन्हात उभे राहून भाषण ऐकतात, वर्गणीही देतात. तोच माणूस विधानसभेला उभा राहिला की अनामत रक्कम वाचवतानाही दमछाक होते. मग चहाच्या टपरीवर निकाल लागतो, ‘कामगार बेइमान निघाले.’ कामगारांवर हा आरोप अन्यायाचा आहे. युनियन कारखान्याच्या हजेरीपटावर उभी असते आणि मत घराच्या पत्त्यावर पडतं. हा फरक ज्याला आधी कळला तो कामगार पुढारी राजकारणात टिकला.

पुढारी घडतो कसा ते आधी पाहू, कारण त्याची ताकद आणि त्याची मर्यादा तिथेच तयार होते.

युनियन नोंदवणं अवघड नाही. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात सात जणांनी अर्ज केला तरी चालत असे. 2001 च्या दुरुस्तीने त्यात भर पडली: आस्थापनेतल्या 10 टक्के किंवा 100 कामगारांचं (जो आकडा कमी असेल तितक्यांचं) सभासदत्व हवं आणि कोणत्याही परिस्थितीत सातपेक्षा कमी नको. पण नोंदणीने फक्त नाव मिळतं. मालकाला समोर बसवायचं तर मान्यता लागते, आणि महाराष्ट्रात ती मिळवण्याचा रस्ता 1971 च्या मान्यता व अनुचित प्रथा कायद्यातून गेला. अर्ज करण्याआधीचे सलग सहा कॅलेंडर महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असले पाहिजेत, अर्ज औद्योगिक न्यायालयात करायचा, आणि तिथला तपास अधिकारी सभासदत्व पडताळणार. कायदा म्हणतो, शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्या. प्रत्यक्षात दुसऱ्या युनियनने हरकत घेतली की तारखा पडत राहतात.

या पडताळणीत सगळं येऊन थांबतं ते पावती पुस्तकावर. कायद्याने सभासद कोण? जो महिन्याला किमान 50 पैसे वर्गणी देतो आणि ज्याची वर्गणी मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेली नाही तो. रक्कम हास्यास्पद वाटते, पण अर्ज फसतात ते याच अटीवर. उत्साहाच्या भरात एका दिवशी चारशे पावत्या फाडल्या जातात, सगळ्यांवर वर्षभराची वर्गणी एकदम. नंतर विरोधी युनियनचा वकील विचारतो: कार्बन प्रत कुठे आहे, पावती क्रमांक 212 नंतर थेट 230 कसा, आणि हे तीस जण त्याच महिन्यात आमच्याकडेही सभासद कसे? दुहेरी सभासदत्व निघालं की तितके आकडे वजा. म्हणून जाणते कार्यकर्ते पगाराच्या दिवशी विभागवार पावती फाडतात, तिकीट नंबर (म्हणजे कामगाराचा हजेरी क्रमांक) लिहितात आणि रोखवहीत त्याच दिवशी जमा दाखवतात. मान्यता मिळाल्यावरही कामं संपत नाहीत. कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत व्हायलाच हवी, ठराव इतिवृत्त पुस्तकात यायला हवेत, हिशेब सरकारी लेखापरीक्षकासमोर ठेवायची तयारी हवी. संपाची नोटीस द्यायची तर आधी सभासदांचं मतदान घेऊन बहुमत हवं, आणि मग 14 दिवसांची नोटीस. त्याशिवाय गेलेला संप बेकायदा ठरतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने हे गणित वरच्या पट्टीत नेलं आहे. हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार ज्या युनियनकडे, तीच एकटी वाटाघाटी करणार. कोणाकडेच तितके नसतील तर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी अशी वाटाघाटी परिषद. दोन युनियन असलेल्या कारखान्यात भांडण आणखी टोकदार होणार, हे उघड आहे.

मान्यता मिळाली की करार. पुढाऱ्याचं खरं वजन इथे ठरतं. मागणीपत्र देणं, मग बैठका, मग कधी टूल डाऊन (हत्यारं खाली ठेवून काम बंद), कधी काळ्या फिती, आणि शेवटी तीन-साडेतीन वर्षांचा वेतनकरार. दोन बारकावे पुढाऱ्याच्या पुढच्या राजकारणावर परिणाम करतात. पहिला कायद्याचा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात मालक आणि युनियनने आपापसात केलेला करार कलम 18(1) खाली सही करणाऱ्या पक्षांपुरता बंधनकारक राही. सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर केलेला करार कलम 18(3) मुळे सगळ्या कामगारांना लागू होई, सभासद नसलेल्यांनाही. नेता दुसऱ्या मार्गाने गेला तर बिगरसभासदालाही फायदा मिळतो आणि तो माणूस नंतर ‘मला काय युनियनने दिलं नाही’ म्हणायला मोकळा. दुसरा बारकावा वाटपाचा. समजा सरासरी 9,000 रुपये वाढ ठरली. ती सगळ्यांना सरसकट द्यायची की श्रेणी आणि सेवेप्रमाणे? सरसकट दिली तर पंचवीस वर्षं झालेले जुने नाराज. सेवेप्रमाणे दिली तर नवी पोरं म्हणतात, पुढारी म्हाताऱ्यांचा. वर उत्पादन वाढवायचं कलम असतंच, आणि ते असेंब्लीवर एक सांगतं तर पेंट शॉपमध्ये दुसरंच. प्रत्येक करारातून असे शंभर-दोनशे नाराज उरतात. पाच करार केलेला नेता म्हणजे त्याच गेटवर पाचशे ते हजार नाराज माणसंही जमवलेला नेता. हा हिशेब निवडणुकीत पहिल्यांदा दिसतो.

आता नकाशाकडे. नाशिकचे उद्योग एका जागी आहेत, कामगार नाहीत. सातपूर आणि अंबड वसाहती, सिन्नरच्या माळेगाव-मुसळगावचे कारखाने, ओझरचा एचएएल हा विमानांचा कारखाना, नाशिकरोडच्या नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या प्रेस. कामगार राहतात सिडकोत, सातपूर कॉलनीत, पंचवटीत, नाशिकरोडला, मखमलाबाद-म्हसरूळला, दिंडोरी आणि त्र्यंबकच्या वाटेवरच्या गावांत. कंपनीच्या बसचं वेळापत्रक काढून बघा, त्यातल्या थांब्यांनी तीनचार विधानसभा मतदारसंघ सहज कापले जातात. 2008 च्या फेररचनेनंतर सातपूर-सिडको-अंबडचा मोठा भाग नाशिक पश्चिममध्ये आला, पंचवटी नाशिक पूर्वमध्ये आणि नाशिकरोडचा भाग एकाहून जास्त मतदारसंघांत विभागला गेला.

एक साधं गणित मांडू. समजा एका मोठ्या कारखान्यात पुढाऱ्याचे 800 कायम सभासद आहेत. त्यातले नाशिक पश्चिममध्ये राहणारे निम्मे धरले तर 400. त्यातल्या कित्येकांचं नाव अजून गावच्या यादीत असतं. कोणी कळवण-सटाण्याचा, कोणी धुळे-जळगावकडचा, कोणी मराठवाड्यातला. शेतीची वाटणी, सोसायटीचं कर्ज आणि ग्रामपंचायतीचं राजकारण यांमुळे माणूस गावचं नाव सोडायला तयार नसतो. उरले अडीचशे धरा. घरटी तीन मतं पकडली तर साडेसातशे. असे दहा कारखाने असले तरी साडेसात हजार, आणि तेही कोणी फुटला नाही तर. मतदारसंघात मतदार चार लाखांच्या वर.

हजेरीपटाबाहेरचा कामगार हा याच गणिताचा दुसरा भाग. कायम कामगारांची संख्या घटत गेली आणि शेजारच्या लाइनवर ठेकेदाराचे, ट्रेनी, शिकाऊ उमेदवार वाढले. कागदावर त्यांचा मालक ठेकेदार. त्यांना कराराची वाढ लागू होत नाही, त्यामुळे गेटवरच्या विजयी मिरवणुकीत उडणारा गुलाल त्यांना स्वतःचा वाटत नाही. मतदारयादीत मात्र तेही आहेत आणि संख्येने जास्त आहेत. शिवाय सातपूर-अंबडमध्ये छोटे उद्योग शेकड्यांनी आहेत. तिथला मालक, त्याचा सुपरवायझर, वसाहतीच्या कडेचा हॉटेलवाला या सगळ्यांच्या तोंडी ‘युनियनमुळे कंपन्या पळतात’ हे वाक्य कायम असतं. त्यात तथ्य किती हा वेगळा वाद. निवडणुकीत पुढाऱ्याला या वाक्याला घरोघर उत्तर द्यावं लागतं, आणि गेटच्या भाषणाची सवय असलेल्याला ते जमत नाही.

याच जिल्ह्यात याच्या उलट चित्रही आहे. सुरगाण्यातून आणि फेररचनेनंतर कळवणमधून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जे. पी. गावित सात वेळा विधानसभेवर गेले. पक्षाच्या शेतकरी संघटनेचं, किसान सभेचं, काम वनजमिनीच्या दाव्यांवर, म्हणजे सभासद जिथे राहतो तिथेच त्याची जमीन, तिथेच त्याचं मत, आणि दावा तपासणारी उपविभागीय समितीही त्याच हद्दीत. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेला हजारोंचा मोर्चा याच बांधणीतून उभा राहिला होता. त्याच पक्षाच्या सिटू या कामगार संघटनेची नाशिकच्या कारखान्यांत ताकद मोठी, पण नाशिक पश्चिमची जागा 2009 मध्ये मनसेकडे आणि त्यानंतर 2014, 2019 आणि 2024 या तिन्ही वेळा भाजपकडे गेली. झेंडा एकच, जिल्हा एकच. फरक पत्त्याचा.

जुने दाखलेही हेच सांगतात. कम्युनिस्ट कामगार नेते श्रीपाद अमृत डांगे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या करंजगावचे, जन्म 1899 चा. इंग्रजांनी कम्युनिस्टांवर भरलेल्या कानपूर कटाच्या खटल्यात तुरुंगवास, 1928 चा मुंबईतला सहा महिन्यांचा गिरणी संप आणि गिरणी कामगार युनियन, मग तसाच मेरठ खटला. 1946 मध्ये ते मुंबई विधानसभेत आले आणि 1957 मध्ये लोकसभेत गेले. त्यांचा कामगार गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावर चाळीत राहत होता. परळ-लालबागमध्ये गिरणीचं खातं, चाळीची खोली आणि मतदान केंद्र एकाच गल्लीत. त्यात 1957 ला संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, त्यामुळे मत कामगारापुरतं न राहता शेजारच्या दुकानदारापर्यंत पोहोचलं. पुढच्या, म्हणजे तिसऱ्या लोकसभेत डांगे नव्हते. 1967 ला पुन्हा निवडून आले.

डॉ. दत्ता सामंतांचं तसंच. घाटकोपरचा डॉक्टर, खाणकामगारांपासून सुरुवात. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्या संपाच्या मुळाशी पगाराइतकाच मान्यतेचा प्रश्न होता, हे आज विसरलं जातं. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन मानली जाई आणि ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतं. कामगार सामंतांमागे आणि सही करण्याचा हक्क दुसऱ्याकडे. संप फसला, तरी 1984 मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेतही सामंत मुंबई दक्षिण-मध्यमधून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. हरलेला संपसुद्धा मतं देतो, जर हरलेली माणसं एका वस्तीत असतील. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, वस्त्या विखुरल्या आणि 1989 ला तीच जागा शिवसेनेकडे गेली.

सोलापूरचे मार्क्सवादी कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. कामगारांची वस्तीच उभी केली. विडी कामगारांसाठी कुंभारीला घरांची योजना, आधी दहा हजार घरं, नंतर रे नगरची तीस हजारांची. 1978, 1995 आणि 2004 असे तीनदा ते आमदार झाले. पण ज्या वर्षांत घरांचं काम सर्वांत मोठं झालं त्या वर्षांत, 2009 पासून पुढे, ते निवडणुका हरत गेले. शहरात राहणारा कामगार कुंभारीला गेला की त्याचं मतही शहराबाहेर जातं, या साध्या गोष्टीचा यात किती वाटा होता यावर सोलापूरकर वाद घालतात. आमच्या मते तो वाटा कमी लेखू नये.

म्हणजे करायचं काय? ज्याला खरंच उभं राहायचं आहे त्याची तयारी निवडणुकीच्या दोन वर्षं आधी सभासद रजिस्टरपासून सुरू होते. रजिस्टरमध्ये तिकीट नंबर असतो, पत्त्याचा रकाना बहुधा ‘नाशिक’ एवढाच भरलेला. तिथे पूर्ण पत्ता, मतदार ओळखपत्र क्रमांक आणि यादी भाग क्रमांक भरून घ्यायचा. ज्यांचं नाव गावच्या यादीत आहे आणि ज्यांना इथे आणायचं आहे त्यांच्याकडून स्थलांतराचा नमुना 8 भरून घ्यायचा. ज्यांचं नाव कुठेच नाही त्यांच्याकडून नमुना 6. महापालिका निवडणुकीत इथे घोळ होतो: राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि त्यानंतर आलेली नावं त्या निवडणुकीला चालत नाहीत. प्रचाराच्या दिवसांत भरलेले अर्ज वाया.

कुठून उभं राहायचं, हा पुढचा प्रश्न. पहिली पायरी बहुतेकांसाठी महापालिका. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या 14.86 लाख, आणि 2017 च्या निवडणुकीत 122 जागा, म्हणजे एका जागेमागे बाराएक हजार माणसं. सातपूर भागातून लाल बावट्याचे नगरसेवक महापालिकेत गेले ते या छोट्या आकारामुळे. पण चार सदस्यांचा प्रभाग झाला की आकार 48 हजारांच्या घरात जातो, मतदाराला चार बटणं दाबायची असतात आणि तो सहसा एकाच चिन्हाची चारही दाबतो. चिन्ह नसलेला कामगार पुढारी तिथे मागे पडतो. स्वतःचं पॅनेल उभं करायचं तर आरक्षणाप्रमाणे आणखी तीन उमेदवार आणि त्यांची जात वैधता प्रमाणपत्रं जमवावी लागतात. आणखी दोन अटी ऐनवेळी अडवतात. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेला उमेदवार अपात्र. आणि जो स्वतः महापालिकेचा नोकर आहे त्याला नोकरी सोडल्याशिवाय महापालिका लढवता येत नाही. सफाई कामगारांच्या युनियनचा बाहेरचा अध्यक्ष लढू शकतो, त्यांच्यातला मुकादम नाही.

विधानसभेला वय 25, अनामत 10,000 रुपये (अनुसूचित जाती-जमातींना 5,000), मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली तरच अनामत परत.

कामगार पुढाऱ्याच्या अर्जात सर्वांत नाजूक कागद म्हणजे नमुना 26 चं प्रतिज्ञापत्र. वीस वर्षं आंदोलन केलेल्या माणसावर गुन्हे असतातच: जमावबंदी मोडल्याचा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचा 37 आणि 135, बेकायदा जमाव, आणि कोणा अधिकाऱ्याशी बाचाबाची झाली असेल तर सरकारी कामात अडथळा, जुनं 353 आणि आता भारतीय न्याय संहितेचं 132. ‘सरकारने आंदोलनाचे खटले मागे घेतले’ अशी बातमी वाचून अनेक जण तो खटला लिहीतच नाहीत. सरकारच्या निर्णयानंतर सरकारी वकिलाने अर्ज करून न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय खटला संपत नाही, तोपर्यंत तो प्रलंबितच लिहायचा. माहिती लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. आणि दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा लागली तर शिक्षा भोगून सुटल्यावरही सहा वर्षं निवडणूक बंद. अर्ज भरण्याआधी प्रत्येक पोलीस ठाण्याची आणि प्रत्येक न्यायालयाची यादी वकिलाकडून लिहून घेणं हे प्रचारपत्रक छापण्याआधीचं काम आहे.

पैशाबद्दल गैरसमज फार आहेत. युनियनच्या सर्वसाधारण निधीतून निवडणुकीचा खर्च करता येत नाही. 1926 च्या कायद्याच्या कलम 16 ने यासाठी वेगळा राजकीय निधी ठेवायची मुभा दिली आणि नव्या संहितेतही ती आहे. अट अशी की या निधीसाठी वर्गणी वेगळी गोळा करायची, कोणावर सक्ती करायची नाही, आणि न देणाऱ्याचं सभासदत्व किंवा त्याचे फायदे यांना हात लावायचा नाही. बहुतेक युनियन हा निधी काढतच नाहीत. कराराच्या थकबाकीतून घेतलेल्या लेव्हीतून (सभासदांकडून एकदाच कापून घेतलेल्या रकमेतून) परस्पर बॅनर लागतात, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत नाराज गट हिशेब मागतो तेव्हा पुढाऱ्याची पत जाते. उमेदवाराची बाजूही वेगळी. विधानसभेची खर्चमर्यादा 40 लाख, त्यासाठी अर्जाच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं, आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब. हरलेल्यालाही तो द्यावा लागतो. न दिल्यास तीन वर्षं अपात्र.

पक्षाच्या तिकिटाचं सांगायचं तर पुढाऱ्यांच्या दोन जाती आहेत. काही जण युनियनमधून पक्षात जातात. आज जास्त दिसतात ते दुसरे, पक्षाचा नगरसेवक किंवा पदाधिकारी असल्यामुळे ज्यांच्या हाती युनियन येते. पक्षांच्या स्वतःच्या कामगार सेना आहेत, आणि व्यवस्थापनालाही कधीकधी सत्तेतल्या पक्षाचा झेंडा गेटवर सोयीचा वाटतो. अशा नेत्याला मतदारसंघ आधीच मिळालेला असतो. करार करायचं कौशल्य मात्र नंतर शिकावं लागतं, तेही कामगारांच्या पगारावर.

जॉर्ज फर्नांडिस यांचा प्रवास यात अपवाद आहे. मुंबईत टॅक्सीचालक, महापालिका आणि बेस्ट कामगार, 1961 ला नगरसेवक, 1967 ला काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटील यांचा पराभव करून खासदार. 8 मे 1974 ला सुरू झालेल्या रेल्वे संपाचे ते नेते. 1977 ला तुरुंगातून लढले आणि जिंकले, पण कुठून? बिहारमधल्या मुझफ्फरपूरमधून, जिथे त्यांची एकही मुंबईची युनियन नव्हती. तिथे मत आणीबाणीविरुद्ध पडलं होतं. 1989 ला तेच रेल्वेमंत्री झाले, म्हणजे ज्या मालकाविरुद्ध संप केला त्याच्या खुर्चीत. व्ही. व्ही. गिरी यांना ही अडचण आधीच भेटली होती. केंद्रीय कामगारमंत्री असताना बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने बदल केला म्हणून त्यांनी 1954 मध्ये राजीनामा दिला.

2001 च्या दुरुस्तीने हा पेच कायद्यातच आणला: मंत्री किंवा लाभाचं पद घेतलेला माणूस नोंदणीकृत युनियनच्या कार्यकारिणीत राहू शकत नाही. साधा आमदार राहू शकतो, आणि बहुतेक राहतातच. कारखान्यात न काम करणाऱ्या पदाधिकाऱ्यांचीही मर्यादा आहे, संघटित क्षेत्रात एक तृतीयांश किंवा पाच, यात जो आकडा कमी असेल तितकेच.

आमदार झालेल्या पुढाऱ्याची युनियन बहुधा पहिल्या दोन वर्षांत हलते. अधिवेशन, मतदारसंघातली लग्नं-दशक्रिया, मंत्रालयाच्या फेऱ्या. गेटवर तो महिन्यातून एकदा येतो. 1971 च्या कायद्यात मान्यतेला दोन वर्षं झाली की दुसरी युनियन जास्त सभासद दाखवून तिला आव्हान देऊ शकते, आणि लागणारे सहा महिने ती शांतपणे पावत्या फाडत असते. त्यामुळे उमेदवारी अर्ज भरण्याआधी कारखान्यातल्याच एका कायम कामगाराला सरचिटणीस करून बँक खात्यावर सहीचा, मागणीपत्रावर सहीचा आणि औद्योगिक न्यायालयात हजर राहण्याचा अधिकार ठरावाने द्यावा, आणि तो ठराव इतिवृत्त पुस्तकात त्याच बैठकीच्या तारखेने नोंदवावा.